गॅरेजमधून गाडी आणली आणि पिकअप गेला: टर्बो बदलायच्या आधी काय तपासायचं?

गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याकडे निघालेली एक डिझेल गाडी डोळ्यांसमोर आणा. दोन दिवसांपूर्वीच क्लच प्लेट बदलून ती गॅरेजमधून आली आहे. शहरात छान चालली. गोरेगाव मागे पडलं आणि पुढे धानाची पोती भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली. ओव्हरटेक करायला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी पुढे सरकेचना. इंजिन नुसतं घुमतंय, मागे काळा धूर निघतोय आणि समोरून ट्रक जवळ येतोय. गुपचूप परत ट्रॉलीच्या मागे.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा गॅरेजला जाते. मिस्त्री इंजिनजवळचा जाड रबरी पाइप काढतो, आत बोट फिरवतो, तेल लागलेलं बोट दाखवतो आणि सांगतो, "टर्बो गेला."

या दोन शब्दांची किंमत मोठी आहे. साध्या डिझेल गाडीचा नवा टर्बोही हजारोंच्या घरात जातो आणि मोठ्या गाड्यांचा त्याहून बराच वर. उलट पाइप घट्ट धरणारा स्टीलचा क्लॅम्प शे-दोनशे रुपयांत येतो. लक्षणं दोन्हींची सारखीच: पिकअप नाही, काळा धूर, एव्हरेज कमी आणि कधी डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइट.

टर्बो खराब होतच नाही असं नाही. पण दुरुस्तीच्या आधी जी गाडी नीट ओढत होती ती दुरुस्तीनंतर ओढत नसेल, तर पहिला संशय टर्बोवर घ्यायचा नसतो. जिथे जिथे हात लागला, त्या जागेवर घ्यायचा असतो.

टर्बो नेमकं काय करतो?

इंजिनाला डिझेल किंवा पेट्रोल जाळायला हवा लागते. जितकी जास्त हवा, तितकं जास्त इंधन जाळता येतं आणि तितकी ताकद मिळते. साधं इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढीच घेतं. टर्बो ती हवा दाबून आत कोंबतो.

त्यासाठी तो वेगळं इंधन खात नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका छोट्या पात्यांच्या चाकावर आदळतो आणि ते चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची स्वच्छ हवा ओढून दाबतं. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. स्वित्झर्लंडचा इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं. आज रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्यांत आणि अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो असतो.

दाबलेली हवा तापते. म्हणून ती थेट इंजिनात न जाता आधी पुढच्या जाळीमागच्या इंटरकूलरमध्ये जाते, थंड होते आणि मग इंजिनात शिरते. इथेच आपल्या गोष्टीची मेख आहे. टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून इंजिन, असा हा पाइपांचा लांब प्रवास असतो. मध्ये चार-सहा जोड, प्रत्येक जोडावर क्लॅम्प. टर्बो एकदम ठणठणीत असला, पण यातला एक जोड सैल असला, तर दाबलेली हवा वाटेतच निसटते. टाकी भरलेली असूनही नळाला पाणी नाही, तसा प्रकार.

आधी खात्री करा: बूस्टच गेलाय का?

'गाडी ओढत नाही' या तक्रारीत निदान चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात. वरच्या उदाहरणात क्लचचं काम झालं आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा झपकन वर जातोय पण वेग वाढत नाहीये, तर क्लच घसरतोय. टर्बोचा त्यात काही संबंध नाही. आरपीएमही रेंगाळत वर जातो आणि वेगही, तेव्हा इंजिनालाच ताकद कमी पडतेय असं समजायचं.

ब्रेकचं काम झालं असेल तर चारपाच किलोमीटर चालवून चाकांजवळ हात नेऊन बघा (टेकवू नका). एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. डिझेल फिल्टर बदलला असेल आणि लाइनमध्ये हवा राहिली असेल, तरी गाडी मरगळते. पण इंधन कमी पडलं तर सहसा काळा धूर येत नाही. काळा धूर म्हणजे इंधन आहे, हवा नाही. घरगुती पातळीवर हा फरक फार कामाचा आहे.

आणखी एक गोष्ट: टर्बो लॅग. मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांतून भारतभर फिरलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते बनत होतं. हे इंजिन २,००० आरपीएमच्या खाली जरा सुस्त असतं, हा त्याचा स्वभावच. त्याच इंजिनाच्या ७५ पीएस प्रकारात साधा टर्बो आणि ९० पीएस प्रकारात पात्यांचा कोन बदलणारा टर्बो, म्हणून दोन्ही गाड्या चालवताना वेगळ्या वाटतात. तेव्हा प्रश्न 'गाडी खाली सुस्त आहे का' हा नसून 'आधीपेक्षा सुस्त झाली का' हा आहे.

गावातली ट्रायल का फसवते?

काम झाल्यावर गॅरेजवाले गाडीची ट्रायल घेतात. गोंदियात ती बहुतेक वेळा जयस्तंभ चौकापर्यंत जाऊन परत येण्याइतकी असते. तीस-चाळीसच्या वेगात, अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटरवर टर्बोला फारसं काम पडतच नाही. सैल जोडही तेवढा दाब सहन करतो. त्यामुळे ट्रायलमध्ये 'ओके' झालेली गाडी कोहमारा-देवरीच्या महामार्गावर भरून निघाली, किंवा सालेकसा-दरेकसाच्या चढावर लागली, की उघडी पडते. मिस्त्री खोटं बोलत होता असं नाही. चूक दिसेल अशी परीक्षाच झाली नव्हती.

उन्हाळ्यात यात भर पडते. पारा ४५ अंशांपर्यंत गेला की बोनेटखालचे रबरी पाइप आणखी मऊ होतात, आणि सकाळी थंड असताना मिटलेली चीर दुपारी दाबाखाली उघडते. 'सकाळी बरी असते, दुपारी बिघडते' ही तक्रार म्हणूनच मनाचा खेळ समजून उडवून लावायची नसते.

खरी ट्रायल अशी: इंजिन गरम झालेलं, रस्ता मोकळा आणि सरळ, गाडीत दोन माणसं. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर, वेगमर्यादेच्या आत राहून साधारण ३,००० पर्यंत. एकाने फक्त चालवायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि आकडे बघायचे. गोंदिया-बालाघाटसारख्या गर्दीच्या रस्त्यावर हा प्रयोग नको.

ऐकायचं काय? पूर्ण जोर दिल्यावरच येणारा 'स्सूऽऽ' असा फुसकारा म्हणजे हवा निसटतेय. पोलिसांच्या सायरनसारखा बारीक, चढत जाणारा आवाज नव्याने सुरू झाला असेल तर टर्बोची पाती किंवा बेअरिंग तपासायला हवं. आणि गाडी आधी नीट ओढते, मग एका क्षणी कुणी मागून धरल्यासारखी बसते, बंद करून चावी पुन्हा फिरवली की परत नीट चालते, असं होत असेल तर ती 'लिंप मोड'मध्ये जातेय. म्हणजे कॉम्प्युटरला दाब हवा तसा दिसला नाही म्हणून त्याने इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी केली. चावी फिरवून गाडी 'बरी' होते म्हणून अनेकजण असंच महिनोन् महिने चालवतात. भर ओव्हरटेकमध्ये ताकद कापली जाऊ शकते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कोणतं काम झालं होतं, यावरून कुठे बघायचं

जॉब कार्ड किंवा बिल हातात घ्या. पार्टची यादी वाचण्यापेक्षा 'हे काम करायला काय काय सोडावं लागलं असेल' हा विचार जास्त उपयोगी.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत क्लचसाठी गिअरबॉक्स खाली काढावा लागतो. त्याच्या वाटेत येतात बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा आणि अनेकदा इंटरकूलरचा एखादा पाइप. परत बसवताना पाइप जोडावर पूर्ण आत गेला नाही, क्लॅम्प जोडाच्या कडेबाहेर आवळला गेला, हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कपलर 'टक्' आवाज येईपर्यंत बसला नाही, गिअरबॉक्सची अर्थिंगची वायर लोंबकळत राहिली: सगळ्या नेहमीच्या चुका. अर्थिंग विसरली तर सेन्सरचे आकडे भलतेच येतात आणि मिस्त्री दिवसभर सेन्सर बदलत बसतो.

पुढून धडक बसून डेंटिंग-पेंटिंग झालं असेल किंवा एसीचा कंडेन्सर बदलला असेल, तर थेट इंटरकूलर बघा. तो रेडिएटर-कंडेन्सरच्या शेजारीच असतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या टोकाला बारीक तडा गेलेला वरून दिसत नाही.

हेड गॅस्केट किंवा टायमिंग चेनचं मोठं काम झालं असेल तर व्हॅक्युमच्या बारीक नळ्यांपासून सुरुवात करायची, त्यांच्याबद्दल पुढे. इंजेक्टर काढले-बदलले असतील तर त्यांचे कोड कॉम्प्युटरमध्ये भरले का, हे विचारा. अनेक कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा कोड छापलेला असतो आणि तो न भरता गाडी दिली तर ती चालते, पण धूर टाकते आणि मरगळते. लोक मात्र टर्बोला दोष देतात.

साधी सर्व्हिसिंगसुद्धा पुरते. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप न लावणं, चुकीच्या मापाचा फिल्टर कोंबणं, किंवा डब्याचं तोंड झाकायला ठेवलेला कपडा आतच राहणं. हसू येईल, पण होतं. राइस मिलच्या परिसरात रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा फिल्टर कोंडा-भुशाने लवकर तुंबतो, तोही याच यादीत.

आणि जिथे धान तिथे उंदीर. गॅरेजात आठवडाभर उभी राहिलेली किंवा घरी कोठाराशेजारी लावलेली गाडी असेल, तर कुरतडलेली नळी हा अगदी पहिल्या पाचातला संशयित आहे. त्यात ना मिस्त्रीचा दोष ना टर्बोचा.

बोनेट उघडून, हत्याराशिवाय

इंजिन बंद, गाडी पूर्ण थंड. टर्बो आणि त्याच्या जवळचे पाइप तासाभरानेही चटका देतात. गमछा, ओढणी, सैल बाही बाजूला.

एअर फिल्टरच्या डब्यापासून बोट ठेवत हवेचा मार्ग पकडा: डबा, टर्बो, खाली जाणारा पाइप, इंटरकूलर, वर येणारा पाइप, इंजिन. प्रत्येक जोड हाताने हलवून बघा. पाइप फिरत असेल तर जोड सैल आहे. रबरी पाइप दाबून वाकवा, खालची बाजूही मोबाइलच्या टॉर्चने बघा, कारण चीर सहसा वाकाच्या पोटात असते. जोडाभोवती ताजा काळसर, तेलकट फवारा उडालेला दिसला तर निम्मं काम झालं. हवा तिथूनच निसटतेय.

आता त्या बोटाला लागलेल्या तेलाबद्दल. इंजिनाच्या पोटातली वाफ जुन्या-नव्या बहुतेक गाड्यांत परत हवेच्या पाइपात सोडलेली असते, आणि तिच्यासोबत थोडं तेल येतंच. त्यामुळे पाइपाच्या आत तेलाचा पातळ थर असणं हे टर्बो गेल्याचं लक्षण नाही. पाइप काढल्यावर तेल वाहून खाली पडत असेल, इंटरकूलरमध्ये साचलं असेल, सोबत निळा धूर आणि इंजिन ऑइल कमी होत असेल, तर गोष्ट वेगळी. बोट ओलं होणं आणि वाटी भरणं यात फरक आहे. या फरकापायीच बरेच चांगले टर्बो बदलले जातात.

बारीक नळ्यांचा मोठा घोळ

टर्बोने किती दाब द्यायचा हे ठरवायला त्याच्या अंगावर एक छोटा डबा आणि त्यातून निघालेली सळई असते. तो ॲक्च्युएटर. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो व्हॅक्युमवर चालतो: पंपातून आलेली ओढ एका विजेच्या व्हॉल्व्हमधून जाते आणि व्हॉल्व्ह कॉम्प्युटरच्या हुकमाप्रमाणे ती ॲक्च्युएटरला पोहोचवतो. मधल्या नळ्या पेन्सिलीपेक्षाही बारीक असतात.

मोठ्या कामात या नळ्या निघतात आणि परत लावताना व्हॉल्व्हवरच्या दोन नळ्यांची अदलाबदल होते. दोन्हींची जाडी सारखी, दोन्ही काळ्या. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं आणि गाडी मात्र ओढत नाही. सोडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढला असता तर हा प्रश्नच आला नसता, पण पंधरा वर्षं हेच काम करणाऱ्याला फोटो काढायला सांगणं जिवावर येतं.

तपासणी सोपी आहे. एकाने गाडी सुरू करायची, दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून ॲक्च्युएटरची सळई बघायची. व्हॅक्युमवर चालणाऱ्या बऱ्याच टर्बोंत इंजिन सुरू होताच सळई आत ओढली जाते आणि बंद केल्यावर परत येते. हललीच नाही, तर दोन शक्यता: ओढ पोहोचत नाही किंवा सळई अडकली आहे. हातपंपाने थेट ॲक्च्युएटरला ओढ दिली की निकाल लागतो. सळई सहज हलली आणि मीटरचा काटा जागेवर टिकला तर ॲक्च्युएटर चांगला, दोष अलीकडच्या नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये. काटा हळूहळू उतरला तर आतला पडदा फाटलाय. ओढ टिकते पण सळई हलत नाही, तर टर्बोच्या आतली पाती काजळीने धरली आहेत. तीही कित्येकदा साफ होतात.

नव्या गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेलमध्ये, ॲक्च्युएटर अनेकदा विजेचा असतो. तो सोडून परत बसवला तर काही गाड्यांत स्कॅनरने त्याला त्याची जागा पुन्हा शिकवावी लागते. सळई हाताने ओढून बघण्याचा प्रयोग इथे करायचा नाही. याच गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो तुंबला तर धूर बाहेर पडत नाही, टर्बो फिरत नाही आणि पुन्हा आरोपी टर्बोच ठरतो.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

भारतात एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ ही यंत्रणा सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला की कोड मिळतात. 'पी ०२९९' म्हणजे बूस्ट कमी, 'पी ०२३४' म्हणजे बूस्ट जास्त, 'पी ०१०१' म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या मोजमापात गडबड.

गॅरेजमध्ये होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे कोड दिसला की आधी तो पुसणं. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही असते: वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम. पुसल्यावर हा पुरावाही जातो. आधी फोटो, मग पुसणं.

दुसरी चूक म्हणजे 'पी ०२९९' चा अर्थ 'टर्बो बदला' असा लावणं. कोड फक्त एवढंच म्हणतो की जितका दाब मागितला तितका मिळाला नाही. का मिळाला नाही, ते त्याला ठाऊक नसतं. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, डेंग्यू आहे की टायफॉइड हे नाही.

खरी माहिती मिळते चालू आकड्यांतून, आणि सुरुवात अगदी फुकट होते. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि इंजिनाच्या आतल्या हवेचा दाब दाखवणारा आकडा बघा. इंजिन बंद असताना हा सेन्सर फक्त वातावरणाचा दाब मोजतो. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. गोंदिया समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंच, म्हणून इथे ९७-९८, पावसाळी हवेत किंचित कमी. महाबळेश्वरला तोच ८६ च्या जवळ उतरेल. गोंदियात उभ्या गाडीत तो ७० किंवा ११५ दिसत असेल, तर आधी सेन्सर आणि त्याचा कपलर बघा. चुकीच्या तराजूने पुढचं काहीही तोलण्यात अर्थ नाही.

आकडा बरोबर असेल तर रस्त्यावरची ट्रायल. पूर्ण जोरात अनेक छोट्या डिझेल गाड्यांत हा दाब २०० किलोपास्कलच्या वर जायला हवा. नेमका किती, ते गाडीप्रमाणे वेगळं. १०० च्या आसपासच राहिला तर बूस्ट जवळपास शून्य, म्हणजे मोठा पाइप निसटलाय किंवा ॲक्च्युएटर हलत नाहीये. १३०-१५० पर्यंत जाऊन थांबला तर गळती किंवा अर्धवट अडकलेली पाती.

गॅरेजच्या चांगल्या स्कॅनरवर 'मागितलेला दाब' आणि 'मिळालेला दाब' शेजारी शेजारी दिसतात. मोबाइलला जोडायच्या स्वस्त ब्लूटूथ यंत्रांवर पहिला आकडा बहुतेक वेळा मिळत नाही. त्यांच्यासोबत आत येणाऱ्या हवेचं मोजमापही बघायचं. हवा भरपूर आत येतेय पण दाब कमी आहे, तर ती टर्बोच्या पुढे कुठेतरी गळतेय. हवाही कमी आणि दाबही कमी, तर मागे बघा: तुंबलेला फिल्टर, दबलेला पाइप, उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह, तुंबलेला डीपीएफ, किंवा न फिरणारा टर्बो. दाब अगदी हवा तसा मिळतोय आणि तरी गाडी ओढत नाही? मग टर्बोला सोडून द्या. इंधनाचा दाब, इंजेक्टर, क्लच, ब्रेक यांच्याकडे वळा.

साबणाचं पाणी आणि धूर

डोळ्यांना न दिसणाऱ्या गळतीसाठी मोठ्या गॅरेजांत स्मोक मशीन असते. हवेच्या मार्गात पांढरा धूर हलक्या दाबाने सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. तालुक्याच्या ठिकाणी मशीन नसेल तर टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून काँप्रेसरची हवा आणि जोडांवर साबणाचं पाणी, म्हणजे पंक्चरवाल्याचीच पद्धत. फरक एवढाच की टायरइतकी हवा इथे चालत नाही. रेग्युलेटर लावून दाब एक बारच्या आत ठेवावा लागतो. नाहीतर बूच गोळीसारखं उडतं किंवा इंजिनाचं सील जातं. हे काम जाणत्या मिस्त्रीनेच करायचं.

टर्बोच्या पुढचा पाइप काढून इंजिनाला रेस देऊन 'हवा येते का बघू' हा प्रकार मात्र कुणीही करू नये. आत फिरणारं चाक बोट, कपडा, नट काहीही ओढून घेतं.

आणि टर्बो खरंच गेला असेल तर?

पाइप काढून दांड्याला हलवून बघतात. इंजिन बंद असताना, तेलाचा दाब नसताना, आडवी-उभी किंचित हालचाल असणं स्वाभाविक आहे. पुढे-मागे मात्र दांडा जाणवण्याइतका हलायला नको, आणि पाती कवचाला घासलेली नकोत. पात्यांच्या कडा तुटल्या असतील तर काहीतरी आत गेलं होतं. दुरुस्तीनंतर लगेच हे दिसलं तर 'आत काय गेलं' हा प्रश्न गॅरेजला विचारायचा हक्क गाडीमालकाला आहे.

दुरुस्तीमुळे टर्बो मरण्याचं दुसरं कारण तेल. गॅस्केटऐवजी सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचा तुकडा तेलाच्या बारीक वाटेत अडकतो. किंवा इंजिन उघडून बसवल्यावर टर्बोपर्यंत तेल पोहोचायच्या आतच मोठी रेस दिली जाते. काही सेकंद कोरडं फिरणंही बेअरिंगला महागात पडतं.

म्हणून नवा टर्बो बसवताना जुना का गेला हे शोधलंच पाहिजे. तेल येणारा आणि परत जाणारा पाइप साफ किंवा नवा, तेल आणि ऑइल फिल्टर नवे, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच, आणि इंटरकूलरमध्ये जुन्या पात्यांचे तुकडे किंवा साचलेलं तेल उरलेलं नको. बसवताना टर्बोत थोडं स्वच्छ तेल ओतून मगच इंजिन सुरू करायचं आणि काही मिनिटं रेस न देता आयडलवर ठेवायचं. यातलं काही चुकलं की दुसरा टर्बोही त्याच वाटेने जातो, आणि मग 'पार्टच डुप्लिकेट निघाला' असा वाद सुरू होतो.

एक धोका वेगळा सांगायला हवा. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून जाळू लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आरपीएम आपोआप चढत जातो आणि मागे धुराचा लोट उठतो. अशा वेळी मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडायचा प्रयत्न करतात. ते जमत नसेल तर माणसांना घेऊन गाडीपासून दूर व्हायचं. निळा धूर आणि झपाट्याने कमी होणारं ऑइल, ही लक्षणं दिसत असताना 'नागपूरपर्यंत तर जाऊ' म्हणणं म्हणूनच परवडत नाही.

गॅरेजशी बोलताना

'तुम्हीच बिघडवली' म्हणून सुरुवात केली की समोरचा बचावात जातो आणि तपासणी तिथेच थांबते. लहान शहरात तोच मिस्त्री उद्याही लागणार असतो. त्यापेक्षा 'या कामासाठी जे जे सोडलं होतं, ते आपण दोघं मिळून एकदा बघू' हे वाक्य जास्त काम करतं. प्रामाणिक मिस्त्रीला त्यात अपमान वाटत नाही.

पण नोंदी ठेवाव्यात. बिलावर किलोमीटरचा आकडा आणि केलेल्या कामाचं वर्णन हवं. स्कॅनरच्या पडद्याचे फोटो तारखेसह ठेवा. टर्बो बदलायचं ठरलंच, तर कोणत्या तपासणीवरून ठरलं ते लिहून मागा आणि जुना टर्बो ताब्यात घ्या. एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल तर निदान दांड्याची हालचाल आणि पाती यांचा व्हिडिओ काढून मग द्या. जुना पार्ट हातातून गेला की तो खराब होता की नव्हता, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

बोलून सुटलं नाही तर पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार 'सेवा' आहे आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. बिल नसलेल्या, 'साहेब, जीएसटीशिवाय करून देतो' अशा कामात ही वाट फार अवघड होते.

दोष सापडून पाइप किंवा नळी नीट बसवली गेली, तर पुन्हा तीच ट्रायल, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये घ्यायची आणि आकडे आधीच्या फोटोंशी ताडून बघायचे. नव्या रबरी पाइपावरचे क्लॅम्प काही दिवस गरम-थंड झाल्यावर किंचित सैल पडू शकतात. दोन-तीनशे किलोमीटरनंतर, म्हणजे नागपूरची एक फेरी झाली की, ते एकदा आवळून घ्यावे लागतात.